दत्तक घ्यायचे आहे, पण पैशांचे काय?

“मूल दत्तक घ्यायला किती लाख लागतात हो?” हा प्रश्न बहुतेक जण चुकीच्या माणसाला विचारतात. नर्सिंग होममधल्या ओळखीच्या आयाला, नात्यातल्या ‘सगळीकडे वशिला’ असलेल्या काकांना किंवा गावाकडे कामे करून देणाऱ्या एखाद्या इसमाला. तिथून उत्तर येते ते लाखांतच. ऐकून नवरा-बायको गप्प होतात. मग एकतर विषय कायमचा बंद होतो, नाहीतर दागिने मोडून कुणाच्या तरी हातावर पैसे ठेवले जातात. पहिल्याने पदरी निराशा येते, दुसऱ्याने पोलीस ठाण्याची पायरी.

खरा आकडा असा आहे. 2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे देशातल्या देशात, मान्यताप्राप्त संस्थेतून मूल दत्तक घेणाऱ्यांना घराच्या पाहणीच्या अहवालासाठी 6,000 रुपये, मूल हाती येताना संस्थेला 50,000 रुपये आणि पुढच्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी होणाऱ्या चार पाठपुरावा भेटींचे प्रत्येकी 2,000 रुपये द्यावे लागतात. सगळे मिळून 64,000. शुल्क अधूनमधून बदलते (आधीच्या नियमावलीत 50,000 च्या जागी 40,000 होते), म्हणून नोंदणीच्या दिवशी ‘कारा’च्या संकेतस्थळावरचे ताजे शुल्कपत्रक पाहून घ्या. पण आकडा याच घरातला आहे. लाखांचा नाही.

हातावर पोट असलेल्यांना 64,000 रुपयेसुद्धा थोडे नाहीत, हे मान्य. पण ते एकदम द्यायचे नसतात, आणि या लेखातला सगळा हिशेब त्याच गोष्टीवर उभा आहे.

‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या अखत्यारीत ते चालते आणि देशभरातली नोंदणी त्याच्या एकाच पोर्टलवर होते. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये दत्तकाच्या नावाखाली होणाऱ्या व्यवहारांना चाप लावला, त्यातून पुढे ही व्यवस्था आकाराला आली. आज तिचा आधार 2015 चा बाल न्याय कायदा आहे. तो कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू होतो. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, सगळ्यांना. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. जोडप्याचे लग्न निदान दोन वर्षे टिकलेले असावे आणि दोघांची संमती हवी. आधीची दोन किंवा अधिक मुले असतील, तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा सहजी पालक न मिळणाऱ्या मुलांसाठीच विचार होतो.

आता उत्पन्नाची अट. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कायद्यात ‘आर्थिकदृष्ट्या सक्षम’ असे शब्द आहेत, पण महिना अमुक हजार हवेतच, अशी रेषा कुठेही आखलेली नाही. घर स्वतःच्या मालकीचे हवे अशीही अट नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे रिक्षावाले, शिपाई, शिंपी अर्ज करू शकतात. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. कमाई असते, पण कागदावर दिसत नाही.

समजा, इचलकरंजीत नवरा यंत्रमागावर कामाला आहे, बायको घरी शिलाई करते. दोघांचे मिळून महिन्याला 22,000 येतात. त्याचा पगार आठवड्याला रोख, तिचे पैसे गिऱ्हाईक देईल तसे. पोर्टलवर गेल्या वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. पगारपत्रक, सरकारी खात्याने दिलेला उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र, यातले काहीतरी. या घरात पगारपत्रक नाही. म्हणून त्यांनी तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात अर्ज करायचा. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र आणि शिधापत्रिका एवढ्यावर तो मिळतो. त्याच्या जोडीला, कर शून्य असला तरी, विवरणपत्र भरून ठेवावे. आणि रोखीचे पैसे घरात डब्यात ठेवण्याऐवजी दर आठवड्याला बँकेत भरायला लागावे. वर्षभराचे पासबुक बोलते. ही तयारी अर्जाच्या आधी सहा-आठ महिने सुरू केली, तर ऐनवेळी एजंटच्या पाया पडावे लागत नाही.

दाखल्यावरचे उत्पन्न कमी दाखवावे असा मोह अनेकांना होतो, कारण शिष्यवृत्तीपासून रेशनपर्यंत सगळीकडे कमी उत्पन्नाचा फायदा असतो. इथे तसे करू नका. एका कागदावर 48,000, दुसऱ्यावर अडीच लाख असे दिसले, की समाजसेविकेचा पहिला प्रश्न तोच असतो.

नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरून करता येते, जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो आणि तिथली मदत मोफत आहे. पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, एमबीबीएस डॉक्टरचे प्रमाणपत्र, कुटुंबाचा फोटो, एवढे कागद मुख्यतः लागतात. लग्नाची नोंदणी करायची राहून गेली असेल, तर ते काम पहिले. ग्रामीण भागात निम्मा वेळ याच एका कागदात जातो.

त्यानंतर घरभेट. होम स्टडी म्हटले की लोकांना घाम फुटतो. शेजाऱ्याचा सोफा आणतात, भिंती रंगवतात, भावाची मोटारसायकल दारात लावतात. समाजसेविका या सगळ्याला सरावलेली असते. तिला फर्निचर पाहायचे नसते. पाणी कुठून येते, संडास कुठे आहे, गॅसची शेगडी मुलाच्या हाताला लागेल अशी आहे का, हे ती पाहते. त्याहून जास्त ती विचारते. बाळ आजारी पडले तर त्या दिवशी कामावर खाडा कोण करणार? पगार बंद झाला तर घर किती दिवस चालेल? सासूबाईंना हे मान्य आहे का? कर्ज किती, कुणाचे, हप्ता किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खरे द्या. घराचे, गाडीचे कर्ज असणे हा दोष नाही. लपवलेले कर्ज हा दोष आहे. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता चालू असेल, तर मूल घरी येण्याच्या आधी तो फेडून टाका. आजारी तान्हे बाळ आणि शुक्रवारचा हप्ता हे दोन्ही एकाच आठवड्यात सांभाळणे फार अवघड जाते.

घरभेटीचा अहवाल तीन वर्षे चालतो. आणि आता वाट पाहण्याचा मुद्दा. निरोगी, दोन वर्षांखालच्या बाळासाठी सध्या तीन वर्षे आणि त्याहून जास्त थांबावे लागते, कारण वाट पाहणारे पालक हजारोंच्या घरात आणि कायदेशीररीत्या दत्तक देता येतील अशी मुले त्या मानाने फारच कमी. या प्रतीक्षेबद्दल तक्रारी खूप होतात आणि त्या रास्तही आहेत. पण कमी कमाईच्या घराला हीच तीन वर्षे पैसे जमवायला मिळतात. ‘आधी साठवू, मग नाव घालू’ हा क्रम सोडा. आधी नाव घाला. वयाची पात्रता नोंदणीच्या तारखेला मोजली जाते, आणि दोन वर्षांखालचे मूल हवे असेल तर जोडप्याच्या वयांची बेरीज 85 च्या आत हवी. एकट्या पालकाला ही मर्यादा 40 वर्षे. साठवत बसलात तर पैसे जमतील, वय निघून जाईल.

64,000 ला 36 महिन्यांनी भागले तर महिन्याला साधारण 1,800 रुपये होतात. पोस्टाची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते. मुदत पाच वर्षांची असली तरी तीन वर्षांनंतर ती मोडता येते, मग व्याज मात्र बचत खात्याच्या दराने, म्हणजे बरेच कमी मिळते. वेळापत्रक बघा. 6,000 सुरुवातीला, घरभेटीच्या वेळी. 50,000 मूल ठरल्यावर, म्हणजे बहुधा तीनेक वर्षांनी. उरलेले 8,000 त्यानंतर दोन वर्षांत, सहा-सहा महिन्यांनी. एकरकमी ओझे फक्त मधल्या 50,000 चे आहे. भिशीवर भरवसा ठेवू नका. भिशी लागायची तेव्हा लागते, आणि चालवणारा गावातून गायब झाल्याच्या गोष्टी तुम्हालाही ठाऊक आहेत. बचत गटाचे कर्ज शेवटी दहा-पंधरा हजारांचे खिंडार बुजवायला ठीक आहे. मालकाकडून उचल घेऊन बाळ आणू नका, कारण त्याच काळात तुम्हाला रजा लागणार असते, आणि उचल घेतलेल्याला मालक रजा देत नाही.

हे पैसे संस्थेला चेकने, ड्राफ्टने किंवा ऑनलाइन द्यायचे आणि पावती घ्यायची. त्यावर एक रुपयाही ‘देणगी’ म्हणून मागायचा अधिकार संस्थेला नाही. स्वेच्छेने देतो म्हटले तरी दत्तक प्रक्रिया चालू असताना देऊ नका. दत्तकाच्या आदेशासाठी अर्ज संस्थाच करते, त्यासाठी वेगळा वकील लावावा लागत नाही. 2021 च्या कायदादुरुस्तीने आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले, ते खर्च आणि वेळ वाचावा म्हणूनच.

शुल्कपत्रकात नसलेले खर्चही आहेत. मूल दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात असू शकते. नोंदणीत ‘देशात कुठेही’ असा पर्याय दिलात आणि मूल ओडिशातल्या संस्थेत असले, तर दोघांचे जाणे-येणे, दोन-तीन दिवसांचा मुक्काम, बुडालेली मजुरी हे सगळे धरावे लागते. महाराष्ट्रात दत्तक संस्था पुष्कळ आहेत. पुण्यात ससून रुग्णालयाशी निगडित ‘सोफोश’चे श्रीवत्स, पंढरपूरचा नवरंगे बालकाश्रम ही जुनी नावे. हात आखडता असेल तर आपलेच राज्य निवडणे हा सरळ उपाय. मुलाचे वैद्यकीय कागद आपल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवून घेण्याची मुभा तुम्हाला आहे. त्याची फी शे-पाचशे असेल, पण तिथे काटकसर नको.

आणि मग बाळ घरी येते. माझ्या मते खरा खर्च इथून पुढचा, आणि त्याचा हिशेब कुणीच सांगत नाही. दत्तक आलेले तीन-चार महिन्यांचे बाळ पावडरच्या दुधावर असते. 400 ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो. महिन्याला आठ-दहा डबे, म्हणजे तीन-चार हजार रुपये कुठे गेले कळत नाही. सहा महिन्यांनंतर वरण-भाताची पेज, नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी सुरू झाली की हा खर्च उतरतो. डब्यावरचे माप पाहूनच पावडर घाला. पुरवून पुरवून पातळ दूध पाजणे ही बचत नव्हे, त्याने बाळ खंगते. डायपर फक्त प्रवासात आणि दवाखान्यात, घरी जुन्या सुती साडीचे लंगोट. अंगडी-टोपडी विकत घेऊच नका, नात्यात मूल झालेल्या प्रत्येक घरात एक पिशवी पडलेली असते. बारसे करायचे तर घरच्या घरी करा. बारशावर 40,000 खर्च करून महिन्याभरात दुधासाठी उसने मागणारी घरे असतात.

बाळ हाती येण्याच्या आधी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, असे माझे मत. संस्थेतून आलेले मूल सुरुवातीला कुणाला सोडत नाही, रात्रभर जागवते, आणि शिलाई मशीन बंद पडते. त्या तीन महिन्यांची तरतूद झाली, तर पुढचे घर सांभाळून घेते.

सरकारी आधार बराचसा मिळतो, पण मागावा लागतो. पहिले काम शिधापत्रिकेत नाव घालण्याचे. दत्तकाचा आदेश झाल्यावर तुमचे नाव पालक म्हणून असलेला जन्मदाखला मिळतो, त्यावरून आधार आणि रेशन दोन्ही होते. शिधापत्रिकेत नाव असले की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूल येते. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मोफत होतात. लसीकरण प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण मोफत आहे, त्यासाठी खासगी दवाखान्यात हजारो रुपये घालवण्याचे कारण नाही. अंगणवाडीत नाव घातले की सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरपोच आहार मिळतो, पुढे गरम जेवण. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या घरात 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलीसाठी ‘लेक लाडकी’ योजनेत टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये मिळतात. दत्तक मुलीला तिचा लाभ कसा घ्यायचा, हे अंगणवाडी सेविकेला आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी विचारा. तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नका. शाळेच्या वयात शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करता येतो.

रजेच्या मात्र फार आशेवर राहू नका. प्रसूतीविषयक कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने दत्तक आईला 12 आठवड्यांची पगारी रजा आली, पण ती तीन महिन्यांखालच्या बाळापुरतीच होती. बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे होण्यातच निदान दोन महिने जातात, मग तीन महिन्यांच्या आत ते घरी येणार कसे? या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, ते याच कारणाने. ईएसआयचे कार्ड असेल किंवा सरकारी नोकरी असेल, तर आपल्या कार्यालयात ताजा नियम विचारून ठेवा. असंघटित क्षेत्रातल्या बाईला यातले काहीच मिळत नाही. तिची रजा म्हणजे तीच तीन महिन्यांची शिल्लक.

सहा-सात वर्षांचे मूल किंवा विशेष गरजा असलेले मूल स्वीकारायची तयारी असेल, तर वाट पाहण्याचा काळ खूपच कमी होतो. कायदेशीर शुल्क तेच, पण उपचारांचा खर्च आधी नीट विचारात घ्या. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, ती वर्षाला एक लाखापर्यंत मदत करते. शाळकरी मुलाला दुधाचे डबे लागत नाहीत, पण आई-बापांचा वेळ लागतो. तो द्यायची तयारी नसेल, तर ‘लवकर मिळते’ म्हणून या रांगेत उभे राहू नका. प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर, हाही एक रस्ता आहे. मोठ्या मुलाला काही वर्षे घरी सांभाळायचे, त्यासाठी मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला 4,000 रुपये मिळतात, आणि दोन वर्षांनंतर दत्तकाचा विचार होऊ शकतो. पण ते मूल त्या काळात तुमचे झालेले नसते, परत जाऊही शकते. 4,000 रुपयांकडे बघून त्यात शिरणाऱ्यांनी शिरू नये.

आता त्या ‘ओळखीच्या’ माणसाबद्दल. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनाथ बाळे दत्तक द्यायची आहेत असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत होते, फोन नंबरसकट. सरकारला जाहीर इशारे द्यावे लागले. असा संदेश आजही आला, तर पुढे पाठवू नका, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. बाल न्याय कायद्याच्या कलम 81 नुसार मूल विकणे आणि विकत घेणे दोन्हीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. त्यात रुग्णालयाचे कर्मचारी सामील असतील तर तीन ते सात वर्षे. स्टॅम्प पेपरवर ‘स्वखुशीने मूल दिले’ असे लिहून दिले तरी गुन्हा धुतला जात नाही. आणि शिक्षेपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे, वर्ष-दोन वर्षे वाढवलेले मूल एके दिवशी बालकल्याण समिती घेऊन जाते. नात्यातले मूल हिंदू दत्तक कायद्याने घेताना सुद्धा पैशाची देवाणघेवाण झाली, तर 1956 च्या त्या कायद्यात तो गुन्हाच आहे.

तेव्हा या महिन्यात दोनच कामे करा. तहसीलदारांच्या दाखल्यासाठी अर्ज टाका, आणि पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते उघडा. दाखला हाती आला की जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि नोंदणी करून या. नोंदणीला अमुक इतके उत्पन्न हवेच असे कुणी सांगू लागले, तर नियम लेखी दाखवा म्हणावे. तसा नियम नाही.